अवजड ट्रक घेण्याआधी: माल, रस्ता आणि ॲक्सलचा हिशोब

अवजड ट्रकची खरेदी बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होते. आधी एखादे मॉडेल मनात भरते, मग त्याची हॉर्सपॉवर विचारली जाते, मग हप्ता किती बसेल ते पाहिले जाते. त्या गाडीने नेमका कोणता माल, कोणत्या रस्त्याने न्यायचा याचा विचार सगळ्यात शेवटी येतो. खरे तर इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल (चाके जोडणारा आडवा दांडा), व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर), हौदा हे सगळे कामावरून ठरते, आणि काम नीट मांडले तर निम्मी मॉडेल्स आपोआप गळून पडतात.

म्हणून कंपन्यांची माहितीपत्रके उघडण्याआधी एका कागदावर एवढे लिहून काढा: माल कोणता आणि त्याचे घनमीटरला वजन किती, एका खेपेत किती टन, एका बाजूचे अंतर, वाटेतला सर्वांत तीव्र चढ किती टक्के आणि किती लांब, पक्का रस्ता किती, कच्चा किती, परतताना माल मिळतो की गाडी रिकामी येते, महिन्याला किती किलोमीटर होतील, भरायच्या आणि उतरवायच्या जागी गाडी वळवायला किती जागा आहे. चढाची टक्केवारी ठाऊक नसेल तर मोबाइलमधल्या उंची दाखवणाऱ्या ॲपने काढता येते. १०० मीटर पुढे गेल्यावर ६ मीटर उंची वाढली, तर चढ ६ टक्के.

माल वजनाने संपतो की जागेने?

हा पहिला प्रश्न. दगडाची खडी सैल स्थितीत घनमीटरला साधारण १.६ टन भरते, गहू पाऊण टनाच्या आसपास, कोळसा ०.८ ते ०.९ टन. १४ घनमीटरच्या हौद्यात खडी भरली तर सुमारे २२ टन होते, कोळसा भरला तर जेमतेम १२ टन. म्हणजे खडीसाठी योग्य असलेला हौदा कोळशाला तोकडा पडतो, आणि कोळशासाठी घेतलेल्या मोठ्या हौद्यात कुणी काठोकाठ खडी भरली तर चेसिस वाकण्याची वेळ येते. वाळूच्या बाबतीत ओलाव्याचाही हिशोब धरावा. कोरडी वाळू १.६ टनाला असेल तर ओली १.९ टनापर्यंत जाते. १२ घनमीटरच्या हौद्यात हा फरक ३.६ टनांचा होतो आणि डोळ्यांना तो दिसत नाही.

कापूस, फोम, रिकाम्या बाटल्या, पॅकिंगचा माल असा हलका धंदा असेल तर टनांच्या मागे लागू नका. तिथे हौद्याची लांबी-उंची आणि कमी चाकांची, हलकी गाडी फायद्याची. जास्त टनाची गाडी घेऊन ती अर्ध्या वजनाने चालवली तर जादा ॲक्सल, जादा टायर आणि जादा लोखंड रोज फुकट वाहिले जाते.

विक्रेता जो टनेजचा आकडा सांगतो तो बहुधा गाडीच्या एकूण वजनाचा असतो, मालाचा नव्हे. एकूण वजनातून चेसिस आणि केबिन, हौदा, सबफ्रेम (चेसिस आणि हौद्याच्या मधली चौकट), हायड्रॉलिक सिलिंडर, भरलेली डिझेल टाकी, स्टेपनी, ताडपत्री, दोर-साखळ्या, चालक आणि मदतनीस हे सगळे वजा केल्यावर उरते ती खरी क्षमता. ४०० लिटरची टाकी भरली की एकट्या डिझेलचे सव्वातीनशे किलोहून जास्त वजन होते. हौदा एक टनाने जड बांधला तर वर्षाच्या ३०० खेपांत ३०० टन माल कमी वाहिला जातो, आणि हा तोटा कोणत्याही बिलावर लिहिलेला सापडत नाही.

वजन कोणत्या ॲक्सलवर पडते

एकूण वजन मर्यादेत असूनही एखाद्या ॲक्सलवर जास्त भार येऊ शकतो. वजनकाट्यावर पकडली जाते ती हीच चूक, आणि टायर व स्प्रिंगही याच कारणाने लवकर जातात. हिशोब अगदी सोपा आहे. पुढच्या ॲक्सलपासून मालाच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर मोजा आणि त्याला व्हीलबेसने भागा. मालाचा तेवढा हिस्सा मागे जातो, उरलेला पुढे. मागे दोन ॲक्सल असतील तर व्हीलबेस त्या दोघांच्या मध्यापर्यंत धरा.

समजा व्हीलबेस ५.६ मीटर आहे, मालाचा मध्य पुढच्या ॲक्सलपासून ४.२ मीटरवर आहे आणि माल १६ टन. ४.२ भागिले ५.६ म्हणजे ७५ टक्के. मागे १२ टन, पुढे ४ टन. आता तोच हौदा ३० सेंटिमीटर पुढे बसवला तर मागे ११.१ टन आणि पुढे ४.९ टन होतात. हातभरापेक्षाही कमी सरकवण्याने जवळजवळ ९०० किलो भार पुढे आला. चेसिसचे पुढचे-मागचे रिकामे वजन यात मिळवा आणि दोन्ही आकडे ॲक्सलच्या क्षमतेशी, टायरच्या क्षमतेशी आणि तुमच्या भागातल्या कायदेशीर मर्यादेशी ताडून पाहा. तिन्हींत जो आकडा सर्वांत लहान, तोच खरा.

हे गणित हौदा बांधणाऱ्याकडे चेसिस पाठवण्याआधी करायचे. ट्रेलरच्या हॉर्ससाठी, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीसाठी, हेच काम पाचव्या चाकाची (ट्रेलर जिथे जोडला जातो त्या चकतीची) जागा करते. ते फार मागे गेले तर स्टिअरिंग हलके पडते आणि ओल्या रस्त्यावर गाडी वळणात सरळ जाऊ पाहते. फार पुढे आले तर पुढचा ॲक्सल दबतो आणि ट्रेलरचा कोपरा केबिनला घासण्याची भीती राहते.

हॉर्सपॉवर किती लागते

अंदाजाने मोठे इंजिन घेण्यापेक्षा चढावरचा हिशोब मांडा. ४० टनांची जोडगाडी (हॉर्स आणि ट्रेलर मिळून) ६ टक्के चढावर चढवायला साधारण २३.५ किलोन्यूटन जोर लागतो. टायरच्या घर्षणाचे सुमारे २.७ धरून २६ किलोन्यूटनच्या वर जाते. तो चढ ताशी ३० किलोमीटरने चढायचा तर चाकांवर २२० किलोवॅट हवे. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये दहा टक्के जातात, म्हणजे इंजिनाला जवळजवळ ३३० हॉर्सपॉवर द्यावी लागते. २५० हॉर्सपॉवरची गाडीही तो चढ चढेल, पण ताशी २२-२३ किलोमीटरने. चढ दोन किलोमीटरचा असेल तर या फरकाने काहीच बिघडत नाही. रोज वीस किलोमीटर घाट असेल तर फेरीची वेळ, इंजिनाचे तापमान आणि मागे खोळंबलेली वाहने, सगळेच बदलते.

सपाट रस्त्यावर मात्र एवढ्या ताकदीची गरज नसते. तिथे गाडीला मुख्यतः हवा आणि टायर अडवतात. म्हणून मैदानी मार्गासाठी घाटाचे इंजिन घेतले तर रिकामे वजन वाढते आणि चालकाला जोरात हाकण्याचा मोह होतो.

हॉर्सपॉवरपेक्षाही टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) आणि तो कोणत्या आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर) मिळतो हे पाहा. टॉर्कचा आलेख मागून घ्या. १,००० ते १,४०० आरपीएमपर्यंत टॉर्क सपाट राहत असेल तर चढावर गिअर कमी बदलावे लागतात. तोच टॉर्क एका टोकदार शिखरावर मिळत असेल तर चालक सतत गिअर बदलत राहणार आणि क्लच त्याची किंमत मोजणार.

ॲक्सल रेशो: सर्वांत कमी विचारली जाणारी गोष्ट

एकाच इंजिन-गिअरबॉक्सची गाडी वेगवेगळ्या क्राऊन-पिनियनसह (ओढत्या ॲक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीसह) मिळते, आणि ॲव्हरेजचा मोठा भाग इथे ठरतो. २९५/८० आर २२.५ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातो. ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला ४१७ फेरे घेते. वरचा गिअर एकास एक असेल तर २.८५ रेशोला (चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे २.८५ फेरे) इंजिन जवळपास १,१९० आरपीएमवर फिरते, ३.७ ला १,५४० वर आणि ४.८८ ला २,०३० वर. महामार्गावर दिवसभर २,०३० वर चालणारे इंजिन डिझेल पिते, आवाज करते आणि लवकर झिजते. उलट खाणीत किंवा बांधकामावर २.८५ घेऊन गेलात तर पहिल्या गिअरमध्येही गाडी हळू चालत नाही, चालक अर्धा क्लच धरून ठेवतो आणि क्लचची प्रेशर प्लेट तापून निळी पडते.

टायरचे माप नंतर बदलले की हे सगळे गणित बदलते, शिवाय स्पीडोमीटरही चुकतो. रेशो ठरवताना तुमचा नेहमीचा वेग धरा, कमाल वेग नव्हे.

गाडी उभी असताना चढावरून उचलता येईल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यात बहुधा इंजिन नव्हे, टायरची पकड आडवी येते. एकाच ओढत्या ॲक्सलवर ११ टन भार आहे आणि जोडगाडीचे वजन ४० टन आहे असे धरा. ओल्या डांबरावर पकड ०.४ धरली तर ४.४ टनांचा जोर टिकतो, म्हणजे एकूण वजनाच्या ११ टक्के. त्यातून टायरचे घर्षण गेले की दहाएक टक्के चढ. सैल मातीवर पकड ०.३ पर्यंत उतरते, तिथे जेमतेम ७ टक्के. त्यापुढे कितीही हॉर्सपॉवर असली तरी चाक जागीच फिरते. खाणीच्या, विटभट्टीच्या, जंगलातल्या कामाला म्हणूनच मागचे दोन्ही ॲक्सल ओढणारी ६×४ किंवा ८×४ गाडी (पहिला आकडा एकूण चाकांच्या जागांचा, दुसरा त्यांतल्या ओढणाऱ्यांचा) आणि डावे-उजवे चाक एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉक लागतो. फक्त पक्क्या रस्त्यावरचे काम असेल तर ६×२ हलकी, स्वस्त आणि डिझेलला चांगली. तिचा ॲक्सल उचलता येत असेल तर रिकाम्या परतीत टायरही वाचतात.

हब रिडक्शनचे, म्हणजे शेवटचे गिअर चाकाच्या हबमध्ये असलेले, ॲक्सल खडबडीत जागेसाठी उत्तम. मधला गोळा लहान राहतो, जमिनीपासून उंची जास्त मिळते आणि हाफ शाफ्टवर ताण कमी येतो. पण जास्त गिअर आणि जास्त ऑइल फिरवण्यात ताकद जाते. महामार्गासाठी साधा सिंगल रिडक्शन घ्यावा.

उतार

चढाचा हिशोब सगळे करतात, उताराचा फार थोडे. तीच ४० टनांची गाडी ६ टक्के उतारावर ताशी ३० ने उतरते तेव्हा जवळपास १७० किलोवॅट शक्ती सतत कुठेतरी जिरवावी लागते. ती चाकांच्या ब्रेकवर सोडली तर काही किलोमीटरांत ड्रम तापतो, ब्रेक लायनर चिकट-गुळगुळीत होतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. जीव जातात ते इथे.

म्हणून इंजिन ब्रेकची क्षमता किलोवॅटमध्ये आणि कोणत्या आरपीएमवर, हे लेखी विचारा. सायलेन्सरच्या वाटेवर झडप बंद करणारा साधा एक्झॉस्ट ब्रेक मध्यम उतारांपुरता ठीक. व्हॉल्व्ह उघडून दाबलेली हवा सोडणारा कॉम्प्रेशन ब्रेक त्यापेक्षा बराच जोरदार. लांब घाट रोजचे असतील तर गिअरबॉक्सला जोडलेला हायड्रॉलिक रिटार्डर घ्यावा. मात्र त्याची उष्णता रेडिएटरमधून जाते, तेव्हा कूलिंगची क्षमताही तपासा. या एका गोष्टीत काटकसर करू नये असे आमचे ठाम मत आहे.

गिअरबॉक्स, पीटीओ, सस्पेन्शन

ऑटोमेटेड मॅन्युअल गिअरबॉक्स, म्हणजे क्लच पेडल नसलेला, महामार्गावर चांगला. नवख्या आणि मुरलेल्या चालकाच्या ॲव्हरेजमधला फरक त्याने कमी होतो आणि क्लच टिकतो. पण त्याचे दुरुस्तीतज्ज्ञ आणि निदानाचे सॉफ्टवेअर तुमच्या मार्गावर आहेत का हे आधी पाहा. दूर आडरानात सेन्सर गेला तर गाडी जागची हलत नाही. चिखलात पुढे-मागे झुलवून गाडी काढावी लागते अशा कामाला मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टरवाला पूर्ण ऑटोमॅटिक बरा.

टिपरला गिअरबॉक्सवरची पीटीओ (इंजिनाची ताकद हौदा उचलण्यासारख्या कामाला देणारी जोडणी) चालते, कारण हौदा उभ्या गाडीवर उचलायचा असतो. काँक्रीट मिक्सरचा ड्रम मात्र चालत्या गाडीतही फिरत राहायला हवा. त्यासाठी क्लचवर अवलंबून नसलेली, थेट इंजिनावरून निघणारी पीटीओच लागते. ती कारखान्यातूनच घ्यावी, नंतर बसवणे अवघड आणि महाग.

पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) सस्पेन्शन ओव्हरलोड, खड्डे, धूळ सगळे सोसते आणि पाटा तुटला तर कुठेही बदलून मिळतो. एअर सस्पेन्शन काच, यंत्रे, इलेक्ट्रॉनिक्स असा नाजूक माल आणि चांगले रस्ते असतील तर घ्यावे. त्याच्या फुग्याला दगड लागून चीर पडते आणि लेव्हलिंग व्हॉल्व्हचा दांडा वाकला की गाडी एका बाजूला कलते.

हौदा आणि सबफ्रेम

चेसिस उत्तम आणि हौदा कसातरी बांधलेला, अशा गाड्या दोन वर्षांत कुरकुरायला लागतात. सबफ्रेमचे पुढचे टोक एकदम सरळ कापलेले नसावे, तिरके निमुळते असावे. नाहीतर केबिनच्या मागे नेमक्या त्याच रेषेत चेसिसवर ताण साठतो आणि तिथेच तडा जातो. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला छिद्र पाडू देऊ नका आणि वेल्डिंगही नको. छिद्रे हवीत तर उभ्या भागात, तीही उत्पादकाच्या बॉडीबांधणीच्या पुस्तिकेत दिलेल्या जागी. ती पुस्तिका विक्रेत्याकडून मागून घेऊन बांधणाऱ्याच्या हातात द्या.

दगडासाठी ४००-४५० ब्रिनेल कडकपणाचा झीजरोधक पत्रा घ्यावा. मऊ पोलादाच्या जाड पत्र्यापेक्षा तो पातळ चालतो आणि हौदा हलका होतो. चिकट माती वाहायची असेल तर गोलाकार तळाचा हौदा बरा, कोपऱ्यात माल अडकत नाही. माल अडकून राहिला आणि हौदा वर उचललेला असला की गाडी कलंडते. टिपर उलटण्यामागे हे एक नेहमीचे कारण असते. दुसरे म्हणजे असमतल जमीन.

टायर

टायरच्या बाजूवर १५२/१४८ असा आकडा असतो. १५२ म्हणजे एकेरी बसवल्यास ३,५५० किलो, १४८ म्हणजे जोडीत बसवल्यास प्रत्येकी ३,१५० किलो. पुढच्या ॲक्सलला दोन टायर मिळून ७,१०० किलो, मागच्या चार टायरच्या ॲक्सलला १२,६०० किलो. हे आकडे ठरलेली हवा भरलेली असतानाचे आहेत. हवा कमी असेल तर क्षमताही कमी, आणि टायरची बाजू वाकून-वाकून तापते. जोडीतला एक टायर नवा आणि एक झिजलेला असेल तर उंच टायर जवळजवळ सगळा भार उचलतो.

धूर कमी करणारी यंत्रणा आणि तुमचे डिझेल

आताच्या अनेक इंजिनांत युरियाच्या द्रावाने नायट्रोजन ऑक्साइड घटवणारी एससीआर आणि काजळी अडवणारा डीपीएफ असतो. दोन्हींना कमी गंधकाचे डिझेल लागते. जिथे तसे डिझेल मिळत नाही तिथे ही गाडी घेऊच नये, कॅटॅलिस्ट निकामी होतो. युरियाचा द्राव ३२.५ टक्क्यांचा असतो, डिझेलच्या साधारण ३ ते ६ टक्के खर्च होतो आणि उणे ११ अंशांवर गोठतो. त्यात शेतीचा युरिया विरघळवून टाकला किंवा नळाचे पाणी मिसळले की नोझलवर खडे जमतात आणि इंजिनाची ताकद आपोआप कमी केली जाते.

डीपीएफ स्वतःला स्वच्छ करण्यासाठी काजळी जाळतो, त्यासाठी त्यातले तापमान ६०० अंशांच्या आसपास जावे लागते. दिवसभर पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्या, तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभे राहणे अशा कामात ते कधी पूर्ण होत नाही आणि फिल्टर चोंदतो. तुमचे काम तसे असेल तर उभ्या गाडीवर स्वच्छता करण्याचे बटण आहे का आणि फिल्टर काढून धुण्याची सोय जवळ कुठे आहे, हे विचारून घ्या.

किलोमीटरचा खर्च

गाडीची किंमत हा हिशोबाचा फक्त एक भाग. दोन रकाने करा. एका रकान्यात गाडी हलली नाही तरी लागणारा खर्च: हप्ता किंवा घसारा, विमा, कर, चालकाचा पगार, पार्किंग. दुसऱ्यात चालली तरच लागणारा: डिझेल, युरिया, टायर, ऑइल, दुरुस्ती, टोल. पहिला रकाना महिन्याच्या किलोमीटरने भागा. ८,००० किलोमीटर धरून घेतलेली गाडी ५,००० च चालली, तर हा भाग प्रत्येक किलोमीटरला १.६ पट होतो. बरेच मालक बुडतात ते भाड्याच्या दरामुळे नव्हे, या आकड्यामुळे.

ॲव्हरेजचा फरक लहान वाटतो म्हणून सोडू नका. वर्षाला एक लाख किलोमीटर चालणाऱ्या गाडीने लिटरला ३.५ ऐवजी ३.८ किलोमीटर दिले तर सुमारे २,२५० लिटर डिझेल वाचते. पाच-सहा वर्षांच्या वापरात हा आकडा दोन मॉडेल्समधल्या किमतीचा फरक गिळून टाकू शकतो. ॲव्हरेज मात्र विक्रेत्याच्या तोंडून नव्हे, तुमच्यासारखाच माल त्याच मार्गावर वाहणाऱ्या मालक-चालकांकडून विचारा.

गाडी उभी राहिली तर दिवसाला किती जाते, तेही लिहा: बुडालेले भाडे, चालूच राहणारा हप्ता, पगार. मग सर्व्हिस सेंटरला जाऊन पाहा. क्लच सेट, इंजेक्टर, वॉटर पंप, एअर कॉम्प्रेसर, व्हील सील शेल्फवर आहेत का? नसतील तर किती दिवसांत येतात? रात्री मदतीची गाडी निघते का? वॉरंटीत काय येत नाही, ही यादी वॉरंटीच्या वर्षांपेक्षा महत्त्वाची. क्लच, ब्रेक लायनर, रबरी भाग आणि ओव्हरलोडने झालेले नुकसान बहुतेक वेळा बाहेरच असते.

जुनी गाडी घेत असाल तर

आधी न सांगता, सकाळी लवकर जा. इंजिनाला हात लावून ते थंड असल्याची खात्री करा आणि मगच चालू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन बरेच काही लपवते. सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटातला थोडा पांढरा धूर चालतो. गरम झाल्यावरही तो टिकला आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट किंवा सिलिंडरच्या लायनरचा संशय घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, तेव्हा एअर फिल्टर, टर्बो आणि इंजेक्टर पाहा.

इंजिन गरम असताना मंद गतीवर ऑइल भरण्याचे झाकण काढून ते तोंडावर उलटे ठेवा. थोडी वाफ ठीक. झाकण उडवेल अशा धडधडत्या फुंकरी येत असतील तर रिंगा आणि लायनर गेले. रेडिएटरच्या पाण्यावर ऑइलची साय किंवा डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसले तर तिथेच थांबा.

ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणे हा जुन्या गाडीवर करता येणारा सर्वांत शहाणपणाचा खर्च. सिलिकॉन जास्त निघाले तर एअर फिल्टरच्या बाजूने धूळ आत गेली आहे, सोडियम-पोटॅशियम असेल तर कूलंट मिसळतो आहे, शिसे-तांबे वाढले तर बेअरिंग झिजते आहे. नमुन्याआधी ऑइल बदललेले नको, नाहीतर अहवाल काहीच सांगत नाही.

किलोमीटर आणि इंजिनाचे तास दोन्ही काढून घ्या. सहा लाख किलोमीटर आणि १२,००० तास म्हणजे ताशी सरासरी ५० किलोमीटर, महामार्गावरची गाडी. तेवढेच किलोमीटर आणि २४,००० तास असतील तर ती गर्दीत, खाणीत किंवा उभ्याने चालली आहे आणि इंजिनाची झीज दुप्पट धरावी. संगणकातले एकूण डिझेल मिळाले तर खरे ॲव्हरेजही कळते.

चेसिस खालून, टॉर्च घेऊन पाहा. केबिनच्या मागे, स्प्रिंगच्या ब्रॅकेटजवळ, आडव्या पट्ट्यांच्या कोपऱ्यांत आणि टिपरच्या मागच्या बिजागरीपाशी तडे शोधा. तेवढ्याच भागात ताजा रंग असेल तर तो खरवडून पाहायची परवानगी मागा. दुहेरी चेसिसच्या दोन थरांत गंज भरून ते फुगलेले असतील तर दुरुस्ती मोठी.

पुढचा ॲक्सल जॅकवर घ्या आणि चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. खेळ नाहीसा झाला तर हबचे बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन (पुढचे चाक ज्या खुंटीवर वळते ती). ट्रेलरची किंगपिन वेगळी, पाचव्या चाकात अडकणारी; ती नवी ५०.८ मिलिमीटरची असते, ४९ पर्यंत झिजली की बदलायची.

हवेच्या ब्रेकसाठी टाक्या भरून इंजिन बंद करा आणि पेडल पूर्ण दाबून धरा. सुस्थितीतल्या एकट्या ट्रकची हवा मिनिटाला ०.२ बारपेक्षा, जोडगाडीची ०.३ बारपेक्षा जास्त उतरत नाही. मग टाकीचा नळ सोडून पाहा. थोडे पाणी निघाले तर हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरचा कार्ट्रिज संपला, काळे ऑइल निघाले तर कॉम्प्रेसरच्या रिंगा.

टायरवरचे शेवटचे चार आकडे पाहा. २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. एकाच कडेने झिजलेला टायर अलाइनमेंट किंवा वाकलेला ॲक्सल दाखवतो. नवेकोरे सहा-आठ टायर नुकतेच घातलेले असतील तर जुने कसे झिजले होते, ते अवश्य विचारा. चेसिस आणि इंजिन क्रमांक कागदांशी स्वतः ताडा, आणि गाडीवर कर्ज बाकी नसल्याचे पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

चालवून पाहणे आणि ताबा

रिकाम्या गाडीची चाचणी काही सांगत नाही. नवी असो वा जुनी, तुमच्या नेहमीच्या वजनाने, तुमच्याच मार्गावरच्या चढावर ती चालवून पाहा, आणि स्टिअरिंगवर तोच चालक बसवा जो पुढे ती चालवणार आहे. त्याचे म्हणणे गंभीरपणे घ्या. सीट, आरसे, पायऱ्यांची उंची, झोपायची जागा, केबिनमधली उष्णता यांचा त्याच्या पाठीवर, झोपेवर आणि म्हणून सुरक्षिततेवर थेट परिणाम होतो. चढावर तापमानाचा काटा कुठे स्थिरावतो, अर्ध्या चढावर थांबून गाडी पुन्हा उचलते का, उतारावर ब्रेक न दाबता इंजिन ब्रेकवर वेग टिकतो का आणि सरळ रस्त्यावर ती एका बाजूला ओढते का, एवढे पाहा.

हौदा बसवून गाडी हातात आली की पहिल्याच दिवशी टाकी भरून, रिकामी, ॲक्सलनुसार काट्यावर वजन करा आणि ती पावती जपून ठेवा. मालाची खरी क्षमता त्या पावतीवरून काढायची. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा आणि पहिली भरलेली खेप झाली की पाट्यांचे आणि हौद्याचे यू-बोल्टही, कारण नवे पाटे आणि सबफ्रेम भाराखाली बसतात आणि बोल्ट सैल पडतात.